सुरतेचा मकबरा आणि यॉर्कशायरचा वाडा



ज्या शाळेत मी भूगोलाच्या तासाला दोनदा बाकावर उभा राहिलो, त्याच शाळेने मला आज या व्यासपीठावर उभे केले आहे. ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनीच मला इतिहास शिकवला. इतिहास शिकवण्याचा त्यांचा एक नेम होता. जिथपर्यंत पायी जाता येते, तो इतिहास आधी; आगगाडीने जावे लागते, तो नंतर; आणि बोटीने जावे लागते, तो सर्वांत शेवटी. आजचा माझा विषय बोटीने जाण्याचाच आहे. इंग्लंडातील जमीनदारांच्या थोर घरांचा, ज्यांना तिकडे 'कंट्री हाउस' म्हणतात त्यांचा, हा विषय. तरीही सरांचा नेम मी मोडीत नाही. मी निघणार आहे ते कतारगाम दरवाज्यापासून.

आमचे वडील खानदेशातून तापी खोऱ्याच्या आगगाडीने सुरतेला आले. आम्ही घरात अहिराणी आणि मराठी बोलत होतो आणि गल्लीत गुजराती. गल्लीतली मुले खेळता खेळता भांडण झाले की एकच वाक्य फेकीत : "तुमच्या शिवाजीने आमचे सुरत लुटले." घरातल्या भिंतीवर महाराजांची तसबीर, आणि गल्लीत हे वाक्य. सुरतेत वाढलेल्या मराठी मुलाच्या मनात हे दोन्ही एकाच वेळी राहत असते. एकदा यावरून माझी मारामारी झाली आणि मी फाटक्या सदऱ्याने शाळेत आलो. सरांनी मला शिक्षा केली नाही, शाबासकीही दिली नाही. येत्या रविवारी सकाळी वही, पेन्सिल आणि दोरी घेऊन यायला सांगितले. आम्ही सात-आठ मुले होतो. ते आम्हांला इंग्रजांच्या जुन्या कबरस्तानात घेऊन गेले आणि तिथल्या सर्वांत उंच इमारतीसमोर उभे करून म्हणाले, "त्या आठवड्यात हा गृहस्थ सुरतेत हजर होता. आधी याचे घर समजून घेऊ. मग भांडू."

तो गृहस्थ म्हणजे सर जॉर्ज ऑक्झिंडेन. आपल्यापैकी ज्यांनी हा मकबरा पाहिला नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. उंची सुमारे ४० फूट, व्यास सुमारे २५ फूट. जाडजूड खांबांवर एकावर एक असे दोन घुमट. भोवती फिरता येईल असे सज्जे. वर जायला दगडी जिने. दुरून पाहणाऱ्याला एखाद्या पीराचा दर्गा वाटावा, किंवा एखाद्या अमिराचे बागेतील हवामहाल. क्रूस शोधूनही चटकन सापडत नाही. इथे दोन भाऊ आहेत. क्रिस्टोफर ऑक्झिंडेन १८ एप्रिल १६५९ रोजी वारला. जॉर्ज १४ जुलै १६६९ रोजी. क्रिस्टोफरच्या लॅटिन स्मृतिलेखात एक गंमत आहे. तो सारा जमाखर्चाच्या भाषेत रचला आहे. मृत्यूने एकाएकी हिशेब मागितला. मालकांनी एक नोकर गमावला, मित्रांनी सोबती गमावला, त्याने स्वतः आयुष्य गमावले. आणि जमेच्या पानावर काय लिहावे, तर मरण हाच नफा, असा त्याचा आशय. व्यापाऱ्याच्या कबरीवर व्यापाऱ्याचेच पान. सुरतेला हे शोभून दिसते.

जॉर्जच्या स्मृतिलेखात आजच्या विषयाची किल्ली आहे. तो स्वतःची ओळख कशी देतो? इंग्रज, त्यातही केंट परगण्याचा, सर जेम्स ऑक्झिंडेन यांचा तिसरा पुत्र. अध्यक्षपद, मुंबई बेटाचे गव्हर्नरपद, हे सारे त्यापुढे येते. आधी परगणा, आधी बाप, आणि आधी 'तिसरा' हा शब्द.

हा 'तिसरा' शब्द मला पुष्कळ वर्षे कळला नव्हता. आपल्याकडे वाड्याच्या वाटण्या होतात. तीन भाऊ असले की चौकात दोन भिंती उभ्या राहतात, आणि तिसऱ्या पिढीत त्या वाड्याची चाळ होते. इंग्लंडातील जमीनदारांनी ही वाटणीच टाळली. जमीन, घर, आणि घराबरोबर येणारा मान, हे सारे थोरल्याला. धाकट्यांनी चर्चमध्ये जावे, सैन्यात जावे, वकिली करावी, नाहीतर व्यापार करावा. त्यामुळेच ही घरे तीनतीनशे वर्षे एका हातात राहिली. 'कंट्री हाउस' म्हणजे नुसते खेड्यातले मोठे घर नव्हे. आसपासच्या जमिनीच्या खंडावर उभे असलेले, कुळांना दिसेल अशा जागी बांधलेले आणि थोरल्याकडून थोरल्याकडे जाणारे घर. आपल्या गढीशी त्याचे नाते आहे, पण गढीत संरक्षण आधी आणि देखणेपणा नंतर असतो. तिथे सतराव्या शतकापर्यंत हा क्रम उलटला होता.

मराठी माणसाला असे घर अगदीच परके आहे असेही नाही. आपल्या शेजारच्या सोनगडावर ज्यांच्या राज्याचा आरंभ झाला, त्या गायकवाडांच्या घराण्यातील सयाजीराव महाराजांनी पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात टेनिसन या राजकवीचे आल्डवर्थ हे घर विकत घेतले होते. योगायोग असा की सुरतेच्या इंग्रज वखारीच्या पहिल्या प्रमुखाचे नावही टॉमस आल्डवर्थच होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. असे योगायोग पाहून हुरळून जाऊ नये, हेही सरांचेच शिकवणे.

ऑक्झिंडेनांचे घर केंटमधील विंगहॅमजवळ डीन येथे होते. जॉर्जचा बाप्तिस्मा विंगहॅमच्याच चर्चमध्ये ६ एप्रिल १६२० रोजी झाला. तो पंधरा ते अठरा वर्षांचा होता तेव्हा, १६३५ ते १६३८ या काळात, काही मैलांवर बारहॅम गावी सर बॅसिल डिक्सवेल ब्रूम पार्क हे विटांचे देखणे घर बांधीत होते. पुढे अठराव्या शतकात ते घर वारसाहक्काने ऑक्झिंडेनांकडे आले आणि १९११ साली त्यांनी ते विकले. घेणारा कोण, तर काही वर्षांपूर्वीच हिंदुस्थानचे सरसेनापतिपद सोडून गेलेला लॉर्ड किचनर. पण हे सारे थोरल्यांच्या शाखेचे. तिसऱ्या पुत्राला विटांचे घर मिळाले नाही. त्याला सुरत मिळाली.

आता सुरतेतले त्याचे घर पाहू. 'वखार' म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर लाकडाची वखार येते. इंग्रजांची वखार म्हणजे कोठार, कचेरी, खानावळ, प्रार्थनागृह आणि वसतिगृह हे सारे एकाच छपराखाली. जहांगीर बादशहाची परवानगी मिळून १६१३ साली ती रीतसर सुरू झाली. तिचे सर्वांत चांगले वर्णन जॉन फ्रायर या डॉक्टरने केले आहे. हा १६७४-७५ मध्ये सुरतेत होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे घराचा काही भाग बादशहाने दिलेला आणि काही भाड्याचा होता. बांधणी दगडाची आणि उत्तम लाकडाची. लाकडावर कोरीव नक्षी, पण तीत माणसा-प्राण्यांच्या आकृती नाहीत. प्रत्येक मजल्याची जमीन निदान दीड फूट जाडीची, चुन्याच्या पक्क्या गिलाव्याची. रचना मुसलमानी घरांसारखी : वर आणि खाली सज्जे, मोकळ्या गच्च्या, जेवायला उघडी ऐसपैस जागा, अध्यक्षासाठी प्रशस्त दालने, पाण्याची टाकी, चौक आणि स्नानाचा हमाम. पुढे १६८९ नंतर आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या पाद्र्याने भाड्याचा आकडाही देऊन ठेवला आहे : वर्षाला ६० पौंड, आणि तेही बहुधा दुरुस्तीतच जिरत. इथल्या कनिष्ठ कारकुनाला वर्षाला १० पौंड मिळत, म्हणजे अख्ख्या वखारीचे भाडे सहा कारकुनांच्या पगाराइतके. सर जॉर्जला ५०० पौंड मिळत.

कारकुनाला १० पौंड आणि जेवणाच्या टेबलावर चांदीची ताटे, हे गणित कसे जुळते? खासगी व्यापाराने. कंपनी तो कधी बंद करी, कधी डोळेझाक करी. पाच-दहा वर्षे तापाने आणि अतिसाराने मेला नाही, तर धाकटा मुलगा घरी जाऊन स्वतःचे 'कंट्री हाउस' विकत घेऊ शकत असे. मेला, तर कतारगाम दरवाज्याबाहेर. वखारीतील प्रत्येक तरुणापुढे हे दोनच पत्ते होते. जर्मन प्रवासी मँडेल्स्लो १६३८ साली आला, तेव्हा त्याने पाहिले की रविवारी प्रवचनानंतर अध्यक्ष सर्वांना घेऊन शहराबाहेरील बागेत जात असे आणि तिथे निशाणबाजीच्या पैजा लागत. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आठवड्यातून एक दिवस घेतलेली ती जहागीरदारी होती, असे मला वाटते.

आता त्या आठवड्याकडे. ६ ते १० जानेवारी १६६४. महाराज सुरतेच्या वेशीवर आले आणि मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. ज्याने शहर राखायचे, त्यानेच दार लावून घेतले. तिथून त्याने पाठवलेल्या दूताने वाटाघाटीच्या निमित्ताने महाराजांवर मारेकऱ्यासारखा हल्ला केला. सर जॉर्जने स्वाली बंदरातील जहाजांवरून खलाशी बोलावले, ढोल-तुताऱ्या वाजवीत त्यांना रस्त्यांतून फिरवले, दरवाज्याला तोफांसाठी भोके पाडली आणि गच्चीवर तोफा चढवल्या. इथे त्या दीड फुटी जमिनीचा अर्थ कळतो. साध्या माळ्यावर तोफ चढवता येत नाही. शेजारचे हाजी सैद बेगचे घर मराठ्यांनी घेतले तेव्हा इंग्रज बाहेर पडून त्यांच्यावर चालून गेले, कारण तिथे आग लागली असती तर ती इकडे आलीच असती. वखार वाचली. औरंगजेबाने इंग्रजांना जकातीत सवलत दिली.

इंग्रजी पुस्तकांत हा प्रसंग शौर्याचा म्हणून येतो, आणि मराठी पुस्तकांत महाराजांनी त्या घराला फारसे महत्त्व दिले नाही, असा. दोन्हींत थोडे तथ्य आहे. पण त्या रविवारी सरांनी आम्हांला विचारलेला प्रश्न दोन्हींत नाही. ते म्हणाले, "वखार दगडाची होती. विर्जी व्होरा याचा वाडाही मोठा होता. तो लुटला गेला. पण या शहरातली बहुतेक घरे कशाची होती?" आम्हांला माहीत नव्हते. ती बांबूची, कुडाची आणि मातीची होती, आणि त्या चार दिवसांत ती हजारांनी जळाली. स्वारीचे कारण मोगलांनी महाराजांच्या मुलखाची केलेली नासाडी हे होते, आणि ते कारण खरे होते. जळलेल्या घरांतले लोक त्या नासाडीला जबाबदार नव्हते, हेही खरे होते. सर एवढेच बोलले आणि दोरी मोजायला लागले. माझे आणि गल्लीतल्या मुलांचे भांडण त्यामुळे मिटले असे नाही. मला मात्र त्यानंतर तो सदरा फाटल्याचा अभिमान वाटेनासा झाला.

दुसरी स्वारी ऑक्टोबर १६७० मधली. तेव्हा वखारीत स्ट्रेनशॅम मास्टर नावाचा तिशीचा तरुण थोड्या माणसांनिशी होता. हा सर जॉर्जचा भाचा, आई ऑक्झिंडेन. तो वाचला. पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला, पैसा केला, आणि परत जाऊन १६९२ साली डर्बीशायरमधील कॉडनर कॅसलची जहागीर विकत घेतली. मामाच्या वाट्याला मकबरा आला, भाच्याच्या वाट्याला जहागीर. याच घराण्यातला हेन्री ऑक्झिंडेन १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता, हे आपण सर्वच जाणतो. सिंहासनाशेजारी भाल्यांच्या टोकांवर लटकणारी राजचिन्हे आपल्याला त्याच्या टिपणामुळे माहीत आहेत. केंटमधल्या एका घरातून निघालेली माणसे आपल्या इतिहासाच्या पानापानांवर अशी भेटतात.

इथपर्यंतचा भाग सरांना ठाऊक होता. यापुढचा त्यांच्या हयातीत कुणालाच ठाऊक नव्हता, आणि तो त्यांना सांगता आला नाही ही माझी खंत आहे.

इंग्लंडातील थोर घरांचा इतिहास लिहिणारे लोक जॉन व्हॅनब्रू याचे नाव टाळू शकत नाहीत. यॉर्कशायरमधील कॅसल हॉवर्ड आणि ऑक्सफर्डजवळचे ब्लेनम ही दोन अतिभव्य घरे त्याची. हा माणूस मुळात वास्तुकार नव्हता. सैनिक, मग फ्रान्समध्ये हेर समजून पकडलेला कैदी, मग नाटककार. त्याचे पहिले नाटक १६९६ साली लंडनमध्ये गाजले. आणि तीन वर्षांनी, १६९९ साली, कार्लाइलच्या तिसऱ्या अर्लने एका नावाजलेल्या वास्तुकाराला बाजूला सारून आपले घर बांधण्याचे काम या नाटककाराला दिले. तोवर त्याने एकही इमारत बांधलेली नव्हती. त्याच्या समकालीनांनी यावरून टिंगल केली. चरित्रकारांना वेगळाच प्रश्न पडे : विशीतल्या वर्षांत हा होता कुठे? त्या रिकाम्या जागेत त्यांनी नाना तर्क भरले. फ्रान्समध्ये तो वास्तुकला शिकत असावा, असाही एक.

१९९९-२००० च्या सुमारास रॉबर्ट विल्यम्स या संशोधकाने ईस्ट इंडिया कंपनीची दप्तरे चाळून उत्तर काढले. व्हॅनब्रू सुरतेत होता. १६८३ साली तो कंपनीचा फॅक्टर म्हणून इथे आला आणि दोन वर्षांच्या आत राजीनामा देऊन परतला. वय एकोणीस-वीस. सर जॉन चाइल्डच्या अध्यक्षपदाचा तो काळ. मुंबईत कॅप्टन केग्विनने कंपनीविरुद्ध बंड करून बेट ताब्यात घेतले होते, आणि सुरतेची वखार धास्तावलेली होती. आणखी एक योगायोग, पुन्हा हुरळून न जाण्याच्या अटीवर : व्हॅनब्रूचा बाप्तिस्मा लंडनमध्ये २४ जानेवारी १६६४ रोजी झाला. सुरतेची राख तेव्हा पुरती थंडही झाली नसेल.

वीस वर्षांच्या मुलाने इथे काय पाहिले? वखार पाहिली. मशिदींचे आणि मकबऱ्यांचे घुमट पाहिले. आणि कतारगाम दरवाज्याकडचे कबरस्तान पाहिले, कारण तिथे सोबत्यांना पोहोचवायला वारंवार जावे लागे. डच कबरस्तानातला व्हान रीड याचा भव्य मकबरा त्याने पाहिला नाही. तो वनस्पतिशास्त्रप्रेमी डच सरदार १६९१ साली वारला. ऑक्झिंडेन बंधूंचा मात्र पाहिलाच.

मी इथे 'पाहिलाच' असे ठामपणे म्हणतो, त्याला पुरावा आहे. १७११ साली लंडनमध्ये पन्नास नवी चर्चे बांधण्याचा कायदा झाला. त्यासाठी नेमलेल्या आयोगात व्हॅनब्रू होता. त्याने एक टिपण सादर केले. चर्चच्या आत, फरशीखाली प्रेते पुरण्याची चाल बंद करावी. शहराबाहेर मोकळी, भिंतीने वेढलेली, झाडे लावलेली जागा घ्यावी. तिथे थोरामोठ्यांनी उमदी स्मारके उभारावीत. आणि हे शक्य आहे याला दाखला कोणता दिला? सुरतेच्या इंग्रजांचा. त्याने शेजारी चित्रही काढले आहे : भिंतीआड दाटीने उभे घुमट, मनोरे आणि सुळके. २७ वर्षांनंतर आठवणीतून काढलेले ते सुरतेचे चित्र. तो कागद ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

आता कॅसल हॉवर्ड. यॉर्क शहराच्या ईशान्येस, उघड्या माळावरच्या एका उंचवट्यावर ते घर आहे. आधी तिथे हेंडरस्केल्फ नावाचे गाव आणि जुनी गढी होती. गढी १६९३ साली जळाली. गाव घरासाठी आणि बागेसाठी उठवले गेले. (मोठ्या घरांच्या इतिहासात असे एखादे गाव बहुधा असतेच. आपल्याकडे त्यासाठी इंग्लंडात जायची गरज नाही.) मधोमध मुख्य इमारत, दोन्ही बाजूंना पुढे आलेले पंख, आणि मध्यभागी, सारे नियम बाजूला ठेवून, उंच पिंपावर चढवलेला घुमट. त्याखालचे दालन सुमारे ७० फूट उंच. इंग्लंडात चर्चवर घुमट ठीक. एका खासगी घरावर असा घुमट त्यापूर्वी चढला नव्हता. या कामात निकोलस हॉक्समूर हा कसबी वास्तुकार व्हॅनब्रूच्या हाताशी होता. त्याच्यावाचून ते घर उभे राहिले नसते. नाटककाराने आकाशरेषा पाहिली आणि हॉक्समूरने भिंतींचे गणित सोडवले, असे मी समजतो. एक पंख व्हॅनब्रूच्या पश्चात दुसऱ्याच हातांनी आणि दुसऱ्याच धाटणीत पुरा झाला, त्यामुळे घर आजही दोन्ही बाजूंनी सारखे नाही. मला ते त्यामुळेच अधिक आवडते.

दुसऱ्या महायुद्धात त्या घरात मुलींची एक शाळा हलवलेली होती. ९ नोव्हेंबर १९४० रोजी तिथे आग लागली, घुमट आत कोसळला आणि वीसेक दालने जळाली. घुमट १९६० ते १९६२ या काळात पुन्हा बांधण्यात आला.

घरापासून दूर, टेकडीवर, अर्लची समाधी आहे. व्हॅनब्रू १७२६ साली वारला. समाधीचे काम हॉक्समूरच्या आराखड्यावरून १७२९ साली सुरू झाले आणि पुरे व्हायला दशकाहून अधिक लागले. गोल इमारत, भोवती दाट बसवलेले २० खांब, वर घुमट. उंची सुमारे ९० फूट. ती चर्चच्या आवारात नाही. पिढ्यान्‌पिढ्या गावच्या चर्चमध्ये पुरले जाणारे अमीर-उमराव उघड्या माळावर, स्वतःच्या जमिनीत, खांबांच्या आणि घुमटाच्या इमारतीत झोपू लागले. त्या प्रथेतल्या इंग्लंडातील अगदी पहिल्या इमारतींपैकी ही एक. पुढे अनेक घरांनी तिचे अनुकरण केले.

इथे माझ्यासारख्या सुरतकराची जीभ घसरू शकते. कॅसल हॉवर्डचा घुमट म्हणजे सुरतेचा घुमट, असे वाक्य टाळ्या घेईल. ते मी म्हणणार नाही. व्हॅनब्रूच्या घरांवर हिंदुस्थानी वास्तूंची छाया आहे की नाही, यावर तज्ज्ञांत वाद आहे. घुमट रोममध्ये होते, पॅरिसमध्ये होते, आणि लंडनमध्ये त्याच वर्षांत सेंट पॉलचा घुमट चढत होता. हॉक्समूरने समाधीसाठी प्राचीन रोमकडेच पाहिले. माझ्या मते घुमटाचे श्रेय सुरतेने मागू नये. कबरस्तानाचे मागावे. मेलेल्यांसाठी गावाबाहेर मोकळी जागा आणि तीत घरासारखी देखणी इमारत, ही कल्पना व्हॅनब्रूने कुठे पाहिली, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहून आणि काढून ठेवले आहे. एवढे पुरे आहे, आणि एवढेही थोडे नाही. पुढे १८०५ च्या सुमारास ग्लॉस्टरशायरमध्ये सेझिनकोट नावाचे घर उघड उघड मोगली घुमट घालून बांधले गेले. पण तो कंपनीच्या पैशाचा मिरवलेला थाट होता. सतराव्या शतकातल्या सुरतेत इंग्रज मिरवण्याच्या स्थितीत नव्हते. ते इथल्या बादशहाचे भाडेकरू होते, इथल्या गवंड्यांना जे बांधता येत होते ते बांधून घेत होते.

याच गवंड्यांविषयी शेवटचे सांगतो. त्या रविवारी आम्ही दोरीने मकबरा मोजला. खांबांमधले अंतर, ओट्याची लांबी, जिन्याच्या पायऱ्या. मी नकाशा काढला आणि सोमवारी वही दाखवली. माझे एक माप चुकले होते; सरांनी त्यावर लाल शाईने गोल केला. मी मोठ्या अक्षरांत 'बांधणारा : सर जॉर्ज ऑक्झिंडेन' असे लिहिले होते. सरांनी 'बांधणारा' या शब्दावरही लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिले : 'हा तर आत निजला आहे. बांधले कोणी?'

वखार आज उभी नाही. कंपनीने १६८७ साली आपले मुख्य ठाणे मुंबईला हलवले, तेव्हापासून तिचे दिवस फिरले. डीनचा तिसरा मुलगा आपल्या बापाच्या घरी परत गेला नाही. उभे आहेत ते सुरतेच्या गवंड्यांनी बांधलेले, एकावर एक असलेले दोन घुमट, आणि ऑक्सफर्डच्या ग्रंथालयातले ते चित्र. गवंड्यांची नावे कबरीवर नाहीत; व्हॅनब्रूच्या टिपणातही नाहीत. ती वही मी आज बरोबर आणली आहे. ती शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. चुकलेले माप दुरुस्त केलेले नाही. ज्या विद्यार्थ्यांना रविवारी सकाळी वेळ असेल, त्यांनी दोरी घेऊन जावे.